काकाजींचं बर्फफोडं जहाज

"म्याडम, तुमच्या फ्रिजचा फ्रीझर केवढा आहे?"

काकाजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायला गेले होते. नोकरी हिंगण्याला, एका कारखान्याच्या तपासणी विभागात. कंपनीची बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची, म्हणून ते घर मला हवंच होतं. त्याआधी चार घरं पाहून झाली होती. लग्न झालं का, जेवणात काय चालतं, पाहुणे किती येतात, अशा चौकशा प्रत्येक ठिकाणी झाल्या होत्या, त्यामुळे त्यांची उत्तरं तोंडपाठ होती. फ्रीझरचं उत्तर मात्र तयार नव्हतं.

"असेल की... नेहमीसारखा," मी म्हटलं.

"नेहमीसारखा म्हंजे किती? आकडा सांगा न."

मी दोन्ही हातांनी हवेत अंदाजे माप दाखवलं. त्यांनी खिशातून टेप काढली, माझ्या तळव्यांमधलं अंतर मोजलं, मान डोलावली आणि आत हाक मारली, "अवं, चहा टाक. म्याडम येऊन राहिल्या राहाले."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. ते घर सोडूनही आता दोन वर्षं झाली. पण अजूनही कुणी "फार ऊन आहे हो" म्हटलं की माझ्या तोंडून "किती?" निघतं आणि समोरचा माझ्याकडे पाहत राहतो.

काकाजी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बॉयलरच्या देखभालीत गेली. उंची बेताची, अंग भक्कम, भुवया मात्र अगदी विरळ. तरुणपणी भट्टीच्या दारातून एकदा झळ आली, तेव्हा गेलेल्या भुवया पुन्हा धड उगवल्याच नाहीत, असं काकू सांगायच्या. पायात कायम कामावरचे जाड बूट, पुढं लोखंडी टोपी असलेले. घरात तेच, बाजारात तेच. भाचीच्या लग्नात अंगात कोशाचा रेशमी कुर्ता आणि खाली ते बूट, असा फोटो त्यांच्या बैठकीत लावलेला होता. खिशाला पेन लावतात तसं ते थर्मामीटर लावत. 'गरम' आणि 'गार' हे दोन शब्द त्यांच्यापुढे चालत नसत. काकूंनी चहा आणून ठेवला की आधी त्यात ते थर्मामीटर बुडवायचे.

"त्रेपन्न. हा चहा नाही झाला, सरबत झालं."

"मंग पिऊ नका," काकू म्हणायच्या, आणि ते निमूट प्यायचे.

जिन्याच्या भिंतीवर ते रोज सकाळी खडूनं त्या दिवसाचं छताचं तापमान लिहायचे. सकाळी बस गाठायला धावत उतरताना मला ते दिसायचं. 'छत २२.' मार्च लागला की 'छत ३१.' मे महिन्यात सकाळी आठलाच जो आकडा असे तो वाचून माघारी वर जावंसं वाटे. पेपर आधी उघडायचा की भिंत आधी वाचायची, असं म्हटलं तर त्या घरात सगळे भिंत आधी वाचत.

आणि जहाज.

लोकांच्या बैठकीत जिथं सोफा असतो तिथं त्यांच्याकडे दोन स्टुलांवर जहाज होतं. चार फूट लांब, पोट काळं, वरचं अंग शेंदरी. पत्रा कापून, ठोकून, सांधून त्यांनी स्वतः केलेलं. आत भंगारातल्या मोटारींच्या वायपरच्या दोन मोटरी, स्कूटरची बॅटरी, आणि हातातल्या रिमोटवरून चालणारी रेडिओची जुळणी. वर खिडक्या, शिड्या, दोरखंडाचं वेटोळं, काड्यापेटीएवढ्या दोन होड्या, सगळं होतं. माणूस मात्र एकही नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "केले होते दोन खलाशी. पण काय होते माहीत आहे काय, मी माणूस बनवला का तो हासून राहिल्यावानी दिसते. काढून टाकले."

हे साधंसुधं जहाज नव्हतं. गोठलेल्या समुद्रातून बर्फ फोडत इतर जहाजांना वाट करून देणारं जे जहाज असतं, ते हे. नागपुरात! घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सिलिंडरवाला असो की मीटरचं वाचन घेणारा, काकाजी ते जहाज समजावून सांगत. त्यासाठी काकूंचा उडदाचा पापड लागे. वाटीवर पापड आडवा ठेवायचा, त्याच्या कडेवर अंगठा टेकवायचा.

"लोकाईले वाटते, हे बर्फ कापते. कापत नाही जी! याचं नाक पाहा, कसं खालून वर तिरपं आहे. हे बर्फावर चढते. अन् चढलं का बसते." कट्! पापड मोडायचा. "वजनानं मोडते. जोर नाही लावाचा, वजन टाकाचं."

सिलिंडरवाला मोडलेला पापड खात खाली उतरायचा.

हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. कोराडीला त्यांच्या विभागाच्या खोलीत कुठल्याशा बेअरिंगच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलं होतं. जानेवारीच्या पानावर पांढऱ्याशुभ्र बर्फात उभं असलेलं लाल-काळं जहाज, आणि शेजारी बर्फावरच उतरून उभी राहिलेली माणसं. बॉयलरच्या कामावरून घामानं निथळत परतलेली माणसं त्या चित्राकडे बघत बसायची. फेब्रुवारी आला तरी पान कुणी उलटलं नाही. वर्ष संपलं तरी कॅलेंडर कुणी काढलं नाही. "अकरा वर्सं तिथं जानेवारी होता," काकाजी म्हणाले. "मी रोज पाहो. मले वाटे, हे जहाज चालते कसं ते आपल्याले समजलंच पाहिजे."

"समुद्र पाहिलाय तुम्ही?"

"नाही अजून. आधी जहाज होऊ द्या."

माझ्या फ्रीझरचा उलगडा मी सामान लावलं त्याच आठवड्यात झाला. जहाजाला फोडायला बर्फ हवा, आणि तोही पातळ, सपाट, सारख्या मापाचा. बर्फाच्या कारखान्यातली लादी फूटभर जाड, तिच्यावर जहाज नुसतं आपटलं असतं. म्हणून काकाजींनी इतवारीत भांड्यांच्या ओळीत जाऊन पत्र्याचे चौकोनी उथळ ट्रे करून घेतले. दुकानदार म्हणाला, "बर्फीचे काय जी?" काकाजी म्हणाले, "बर्फीचे नाही, बर्फाचे." तरी त्यानं कडा बर्फीच्या ट्रेला असतात तशाच वळवून दिल्या. त्यातले दोन ट्रे माझ्या वाट्याला आले. गल्लीतल्या तेरा फ्रिजांमध्ये त्यांचे ट्रे होते. कुणाच्या मटारावर, कुणाच्या आइस्क्रीमच्या डब्याखाली. बायका कुरकुरत, पण ट्रे पाण्यानं भरून ठेवत. आमच्या समोरच्या वहिनी तर ट्रे नेऊन देताना सांगायच्या, "काकाजी, उणे चौदा. मोजून आनला."

शहरातल्या छंदिष्ट लोकांचं एक प्रदर्शन दरवर्षी जानेवारीत भरे. जुनी नाणी, तिकिटं, काड्यांचे राजवाडे, धान्याची चित्रं, वाफेवर चालणारी इंजिनं. त्या वर्षी काकाजींनी तिथं नाव दिलं. सभागृहाच्या कोपऱ्यात बारा फूट लांब पत्र्याचा हौद उभा केला, बाहेरून थर्मोकोल लावला, कारखान्यातल्या लाद्यांचे तुकडे घालून पाणी एक अंशावर आणलं. त्यावर ट्रेमधल्या बर्फाच्या चौकोनी पाट्या कडेला कड लावून तरंगवल्या आणि फटींत थोडं थोडं पाणी सोडलं. पाट्या इतक्या थंड होत्या की फटीतलं पाणी पाहता पाहता गोठलं, आणि अर्धा हौद एकसंध पांढरा झाला. शे-दीडशे माणसं गोळा झाली. काकाजींनी जहाज सोडलं.

जहाज ऐटीत गेलं. बर्फाशी पोचलं. नाक वर करून बर्फावर चढलं. आणि बसलं.

मोडलं काहीच नाही. मोटरी घुं घुं करत राहिल्या, मागचं पाणी उसळत राहिलं आणि जहाज बर्फावर नाक टेकून तसंच बसून राहिलं. काकाजी रिमोटची बटणं दाबत होते. एक मिनिट गेलं. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "काका, कोंबडी बसली!"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. खरं सांगायचं तर पोट धरून हसले, कारण ते खरोखरच अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. आणि माझ्या हातात मोबाईल होता. मी ते सगळं टिपून घेतलं आणि संध्याकाळी समोरच्या वहिनींना पाठवलं. फक्त वहिनींना. वहिनींनी भावाला, भावानं आणखी कुणाला. चौथ्या दिवशी तो व्हिडिओ आमच्या कारखान्याच्या बसमध्ये माझ्याच शेजारच्या बाईनं मला दाखवला. खाली लिहिलं होतं, 'नागपूरची कोंबडी.' कोराडीच्या निवृत्तांच्या गटात तर काकाजींचा जुना जोडीदार, ज्याच्याबरोबर त्यांनी वीस वर्षं एका भट्टीवर काम केलं तो, रोज सकाळी 'सुप्रभात'च्या जागी अंड्याचं चित्र टाकायला लागला.

 काकाजींनी जहाज जुन्या चादरीत गुंडाळून जिन्यावरच्या माळ्यावर टाकलं. बैठकीत दोन स्टुलं तशीच उभी राहिली. गल्लीतले ट्रे त्यांनी घरोघरी जाऊन परत आणले. आणि भिंतीवर आकडा येणं बंद झालं.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत येईल. आठ दिवस झाले, बारा झाले. बसला उतरताना मी त्या कोऱ्या भिंतीकडे बघायचं टाळायला लागले. काकू जिन्यात भेटल्या की नुसतं म्हणायच्या, "चहा जसा देतो तसा पिऊन राहिले वं. मोजतही नाही."

तेराव्या दिवशी रविवार होता. मी खाली गेले. काकाजी पेपर समोर धरून बसले होते, काकू मटार सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकाजी, तो व्हिडिओ मी काढलेला. मीच पाठवला होता. मला वाटलं नव्हतं असं होईल."

त्यांनी पेपर खाली घेतला. "माहीत आहे."

"कसं?"

"त्यात जे हासनं आहे न मोठ्ठं, ते तुमचं आहे. वर राहाता, रोज आयकून राहिलो."

मला खाली बघवेना की वर. 

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? हासन्यासारखं होतं तं हासल्या." त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुमच्याजवळ आहे काय तो? पूरा? लोकं तं अर्धाच पाठवून राहिले."

मी मोबाईल दिला. त्यांनी चष्मा चढवला. एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला. मग मला म्हणाले, "हे हळू चालवता येते काय?" मी हळू करून दिला. जहाज इंचाइंचानं बर्फावर चढत होतं. माझं हसणं त्या संथ चालीत म्हशीच्या हंबरण्यासारखं ऐकू येत होतं. काकाजींना त्याचं काही नव्हतं. ते पडद्यावर नाक लावून बसले होते.

"पाहा, पाहा. नाक वर गेलं तं बूड किती खाली गेलं पाहा! सारं वजन मागंच राहून राहिलं. अन् मी पागलावानी मोटरचा जोर वाढवून राहिलो. त्या टाइमाले मी रिमोटकडे पाहून राहिलो होतो, म्याडम. जहाजाकडे तं फक्त तुमीच पाहून राहिल्या होत्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी मटाराच्या शेंगा उचलल्या.

काकू मागून वाकून मोबाईल बघत होत्या. म्हणाल्या, "फसलं तं फसलं. पन आपला ऑटो चिखलात फसते तेव्हा आपन काय करतो? मागं-पुढं, मागं-पुढं हालवतोच न. हे हालत काहून नाही?"

काकाजींनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली असतील, पण इतक्या लक्षपूर्वक त्यांनी काकूंकडे त्याआधी कधी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.

सोमवारी सकाळी भिंतीवर लिहिलं होतं, 'छत १९.'

पुढचे कितीतरी महिने घरात बादल्या आणि नळ्यांचं राज्य होतं. जहाजाच्या नाकात एक टाकी, बुडाशी एक टाकी, आणि मधे मोटारीच्या काचेवर पाणी मारायचा छोटा पंप. बटण दाबलं की मागचं पाणी पुढं, पुन्हा दाबलं की पुढचं मागं. जहाज हवं तेव्हा नाकावर वजन टाकणार, हवं तेव्हा काढून घेणार. खऱ्या जहाजांमध्येही अशी काही सोय असते, हे त्यांना नंतर पुस्तकात सापडलं. त्या दिवशी त्यांनी काकूंना पुस्तक नेऊन दाखवलं. काकू म्हणाल्या, "मंग? मी काय खोटं सांगतलं होतं?"

चाचणीसाठी मोठं पाणी हवं होतं. एका रविवारी आम्ही ऑटोनं कोराडीच्या वाटेवरच्या एका गावतळ्यावर गेलो. मी आणि काकू मागच्या सीटवर, जहाज मांडीवर आडवं. तळं शिंगाड्याच्या वेलांनी भरलं होतं. जहाज सोडलं आणि पाचव्या मिनिटाला ते वेलांत शिरून अडकलं. डोंग्यात बसून शिंगाडे तोडणारा एक म्हातारा जवळ आला.

"हे काय होय जी?"

"बर्फ फोडनारं जहाज," काकाजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं वर आभाळाकडे पाहिलं, खाली तळ्याकडे पाहिलं. "मंग इथं काहून आनलं?"

 काकाजींनी बटण दाबलं. जहाजाच्या पोटात गुडगुडलं. नाक खाली, बूड वर. पुन्हा बटण. बूड खाली, नाक वर. तीन वेळा मान डोलावून जहाज वेल तोडून मोकळं झालं आणि वळून काठाकडे आलं. म्हातारा पाहतच राहिला. आपले वेल मोडले याबद्दल तो भांडेल असं मला वाटलं होतं. त्यानं काकूंच्या ओटीत पसाभर शिंगाडे टाकले आणि म्हणाला, "पुन्ना फसवून दाखवा न जी."

त्या दिवशी आम्ही ते सहा वेळा फसवलं.

आणि मग जानेवारीतलं प्रदर्शन पुढं ढकललं गेलं. सभागृहाची दुरुस्ती निघाली, आणि नवी तारीख मिळाली ती मे महिन्यातली. मे महिन्यातलं नागपूर! दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आयोजकांचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. फोन मोठ्या आवाजावर ठेवायची काकाजींची सवय.

"काका, यंदा बर्फाचं जाऊ द्या. मागच्या वर्षीही जरा... आपलं तसं झालं. या वेळी जहाज नुसतं टेबलावर ठेवा. शोभेला."

"शोभेले? ते काय फुलदानी होय?"

"अहो, पंचेचाळीसच्या वर जाईल बाहेर."

"चला, आकडा तं सांगतला," काकाजी म्हणाले. "मी हिशेब करतो."

हिशेब केला तेव्हा कळलं की हौदातलं पाणी सारखं फिरत ठेवायला हवं. म्हणजे लाद्यांचा गारवा सगळीकडे सारखा पोचेल आणि वरची बर्फाची पाटी तासभर टिकेल. त्यासाठी एक बरा पंप पाहिजे होता, आणि त्या मापाचा पंप घरात एकच होता, बैठकीतल्या कूलरचा. काकाजी कूलरपुढून दोनदा गेले, दोनदा परत आले. मे महिन्यात नागपूरच्या बाईकडे कूलरचा पंप मागायची हिंमत बॉयलरमध्ये उतरणाऱ्या माणसालाही होत नव्हती.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी काकूंनी स्वतःच कूलर उघडला, पंप काढला, पुसला, टॉवेलात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "तीन दिवस. चवथ्या दिवशी नाही आला तं तुमी जहाजातच राहाले जा."

त्या तीन दिवसांत काकू भिजवलेला पडदा खिडकीला लावून बसल्या होत्या, आणि मी वर माझ्या छोट्या कूलरपुढे बोलावलं तरी आल्या नाहीत. "पाहू तं, कसं होते," एवढंच म्हणाल्या.

कार्यक्रम चारला होता, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. गल्लीतल्या फ्रिजांमध्ये पुन्हा वाटलेले सगळे ट्रे दुपारी टेम्पोतून आले. साडेतीनला हौद तयार झाला. पाणी दोन अंशांवर. पाट्या सांधल्या गेल्या. थर्मामीटर वाचायचं काम काकाजींनी मला दिलं होतं. काकू पदरानं वारा घेत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. आणि पावणेचारला वीज गेली.

सभागृहातले मोठाले कूलर घरघरत थांबले. आमचा पंपही थांबला. पाच मिनिटांत हवा अशी झाली की काड्यांच्या राजवाड्यापाशी उभे असलेले लोक, नाण्यांपाशी उभे असलेले लोक, सगळे एकेक करत आमच्या कोपऱ्याकडे सरकले. त्या सगळ्या इमारतीत गारवा एकाच जागी उरला होता. हौदाभोवती सहा-सात पदरी कडं झालं. मी वाचत होते, "तीन. काकाजी, साडेतीन."

आयोजक घाम पुसत आले. "काका, थांबा हं. पाहुणे निघालेत. येतीलच."

"किती वेळात?"

"येतीलच आता."

"येतीलच हा आकडा नाही होय," काकाजी म्हणाले. "म्याडम, किती?"

"साडेचार. कडा सुटायला लागल्यात."

त्यांनी बूट घट्ट रोवले आणि जहाज सोडलं.

जहाज गेलं. बर्फाशी पोचलं. नाक वर करून चढलं. आणि बसलं.

सभागृहात एवढी शांतता झाली की मोटरींचा घुं घुं आवाज दारापर्यंत गेला असावा. तेवढ्यात मागून ओळखीचा सूर आला, "बसली बे, कोंबडी बसली!" मी वळून पाहिलं. काकूंनीही पाहिलं, आणि तो कोण ते मला हळूच सांगितलं. काकाजींचा कोराडीचा जोडीदार, अंड्यांवाला, पांढऱ्या टोपीत उभा होता. काही जण हसले. काकाजींनी वर पाहिलं नाही. त्यांनी मोटरीचा जोर उलट कमी केला आणि दुसरं बटण दाबलं.

जहाजाच्या पोटात गुडगुड झाली. लोकांना वाटलं, बुडतंय. एक, दोन, तीन... नाक किंचित खाली झुकलं. पुन्हा वर. पुन्हा खाली.

कट्!

नाकापासून हौदाच्या कडेपर्यंत एक काळी रेघ पळत गेली. मग दुसरी. बर्फ दुभंगला, जहाज दोन तुकड्यांमधून पुढं घुसलं आणि पुढच्या पाटीवर चढलं. जो ओरडा झाला त्यानं माझ्या हातून थर्मामीटर पाण्यात पडला. वीज नाही, पंखा नाही, कपड्यांना पाणी सुटलेलं, आणि दोनशे माणसं टाळ्या पिटत होती. समोरच्या वहिनी तर रडत होत्या. त्यांच्या फ्रिजमधले दोन ट्रे नेमके त्या पहिल्या रांगेत होते.

पांढऱ्या टोपीवाला गर्दीतून वाट काढत पुढं आला. त्यानं हौदावर वाकून जहाज पुढून पाहिलं, मागून पाहिलं. काकाजी त्याच्याकडे न बघता उभे.  मग तो घसा साफ करून म्हणाला, "पंप कोनता टाकला बे?"

ती माफी होती. काकाजींना कळली. मलाही कळली.

"काचेवर पानी मारते न, तो."

"अन् पानी उलटं नाही येत?"

"येईन कसं? मधे झडप आहे न गा! थांब, दाखवतो." झडप दाखवायला काकाजींना दोन्ही हात लागत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि रिमोट काकूंपुढे धरला. "पकड वं जरा."

"मले नाही जमत," काकू म्हणाल्या, आणि पर्स माझ्या हातात देऊन त्यांनी तो घेतला.

पुढचा अर्धा तास दोन म्हातारे हौदाच्या एका टोकाशी बोटांनी हवेत झडपा, नळ्या आणि टाक्या काढत उभे होते. मधेच कधी कोराडीच्या भट्टीचं निघे, मधेच कुणा साहेबाचं, मधेच ते हसत. दुसऱ्या टोकाशी काकू होत्या. पहिल्यांदा त्यांनी जहाज भिंतीवर नेऊन आपटलं. मग मागं घेतलं. मग ओठ घट्ट मिटून बर्फावर चढवलं, बसू दिलं, बटण दाबलं. कट्! काकू एवढ्या मोठ्यानं हसल्या की काकाजींचं बोलणं थांबलं. त्यांनी वळून पाहिलं. काकूंनी पुन्हा चढवलं. त्यांची पद्धत वेगळी होती. काकाजी तीनदा हलवत, त्या एकदाच, पण जरा जास्त वेळ दाबून धरत, आणि तुकडा मोठा निघे. बाया पुढं सरकल्या. "काकू, इकडचा फोडा, इकडचा!" काकू डावीकडचा फोडत, उजवीकडचा फोडत. घामानं कुंकू ओघळलं होतं, ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. काकाजी रिकामे हात लोंबकळत ठेवून नुसते बघत उभे होते. झडप अर्धीच सांगून झाली होती.

तेवढ्यात दारापाशी गडबड झाली. प्रमुख पाहुणे आले होते, गळ्यात हार, कपाळावरून घाम वाहत होता. आयोजक त्यांना घेऊन गर्दी बाजूला सारत हौदाशी आले. "काका, पाहुणे आले. चला, रिमोट घ्या लवकर, यांना दाखवा."

काकाजींनी बायकोकडे बोट केलं. "मले काय सांगता? तिले विचारा."

काकूंनी मान वर केली नाही. जहाज शेवटच्या मोठ्या पाटीवर नुकतंच चढलं होतं.

"दोन मिनिटं थांबा म्हना त्याईले," त्या म्हणाल्या. "एवढा फोडून होऊ द्या."

पाहुणे थांबले. थांबल्या थांबल्या त्यांनी हार काढून आयोजकांकडे दिला, एका बाजूची बाही वर सारली आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून हात हळूच कोपरापर्यंत पाण्यात घातला.